अरोराच्या फोटोत तारे बुंदीसारखे का येतात?

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून अरोरा, म्हणजे रात्रीच्या आकाशात नाचणारा हिरवा प्रकाश, बघून परतलेल्या माणसाचा फोन मला साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी येतो. झोप पूर्ण झालेली असते, फोटो लॅपटॉपवर घेतलेले असतात, पाहुणे जमलेले असतात. आणि मग: "अहो, तिथे स्क्रीनवर एवढे झकास दिसत होते, इथे टीव्हीवर लावले तर सगळे धुरकट! कॅमेराच बिघडला वाटतं."

कॅमेरा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. मी मूळचा नाशिकचा. दर हिवाळ्यात मराठी गटांबरोबर उत्तर नॉर्वेला जातो. हॉटेलं, जेवणखाण, गाड्या हे सगळं दुसरे बघतात. माझ्याकडे एकच काम असतं: आकाश हिरवं झालं की ज्याचा कॅमेरा अडला त्याच्याकडे डोक्याला बॅटरी लावून धावायचं. एवढ्या रात्रींनंतर एक गोष्ट पक्की कळली आहे. लोक आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील, तो आकडा), के-पी इंडेक्स (ज्यावरून अरोराचा अंदाज बांधतात तो आकडा) आणि महागड्या लेन्सवर तासभर बोलतात, फोटो मात्र पुसट फोकसमुळे जातो. त्यातही फोकस लावायचा राहिला म्हणून क्वचितच. एकदा नीट लावलेला फोकस मध्येच सरकला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून जास्त.

लक्षात येत नाही त्यालाही कारण आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना कॅमेऱ्याची तीन इंची स्क्रीन दिव्यासारखी झगमगते आणि तेवढ्या आकारात कुठलाही फोटो धारदारच दिसतो. म्हणून आधी सवय लावा. पहिला फोटो काढला की बटण दाबून तो पूर्ण मोठा करा आणि एखाद्या ताऱ्याकडे बघा. खरी तक्रार तारा सांगतो.

आधी लक्षण ओळखा

तारे सगळीकडे गोल, फुगलेले, बुंदीच्या दाण्यांसारखे दिसत असतील तर फोकस गेला आहे.

तारे स्वल्पविरामासारखे वाकडे, आणि खालचा डोंगर, घरांचे दिवेही तसेच ओढलेले दिसत असतील तर कॅमेरा हलला. डोंगर स्वच्छ, फक्त ताऱ्यांच्या बारीक रेघा झाल्या असतील तर कॅमेरा स्थिर होता, पृथ्वी फिरली. शटर फार वेळ उघडं राहिलं.

तारे टाचणीच्या टोकासारखे, पण अरोरा म्हणजे पिस्ता आइस्क्रीम वितळल्यासारखा नुसता हिरवा थर. पडद्याच्या चुण्या नाहीत, उभ्या रेघा नाहीत. हाही वेळेचाच दोष.

फोटोच्या मधोमध, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी एकात एक वर्तुळं. ही पाहिली की लोक सगळ्यात जास्त घाबरतात, आणि इलाज सगळ्यात स्वस्त आहे.

पहिले वीस फोटो स्वच्छ, मग प्रत्येक दिव्याभोवती वलय आणि हळूहळू सगळंच दुधाळ: लेन्सवर दंव किंवा बर्फ.

फोटोची एकच बाजू, समजा डावी, कायम पुसट आणि उजवी धारदार: हे शेवटी बघू. फक्त कोपऱ्यांतले तारे पंख फुटल्यासारखे दिसत असतील तर तो बिघाड नाही. लेन्स पूर्ण उघडी ठेवली की पुष्कळ वाइड लेन्स असं करतात. एफचा आकडा लहान म्हणजे लेन्स जास्त उघडी. एफ १.४ वरून एफ २ किंवा २.८ वर या, बरंच सुधारतं.

आता तपासणी. क्रम मुद्दाम फुकटापासून सुरू केला आहे, कारण उणे पंधरा अंशांत हातमोजा काढून करायची प्रत्येक गोष्ट महाग असते.

काच आणि फिल्टर

लेन्स पुसा. सांगायला लाज वाटते इतकं साधं आहे, पण फोनवर फोटो काढणाऱ्यांचा निम्मा धुरकटपणा इथेच जातो. दिवसभर फोन खिशात असतो, लेन्सवर बोटाचं तेल बसतं. दिवसाच्या उजेडात ते खपून जातं, रात्री प्रत्येक दिव्यातून पट्टे निघतात. कोरडं मायक्रोफायबर कापड जवळ ठेवा.

आणि एक हात जोडून विनंती. चष्म्यावर करतो तसं लेन्सवर "हाऽऽ" करू नका. आमच्या गटातल्या एका काकांनी कॅल्डफ्योर्डच्या (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधली समुद्राची खाडी) काठावर नेमकं तेच केलं. वाफ काचेवर बसली, मी "काका, थांबा" म्हणेपर्यंत तिचा पांढरा पापुद्रा झाला, आणि त्यांनी तो रुमालाने घासला. खिडकीवर नक्षी उमटावी तसा बर्फ लेन्सवर पसरला. डोक्यावर आकाश पेटलेलं आणि काका पुढची वीस मिनिटं लेन्स जॅकेटच्या आत धरून उभे. काकू मात्र फोनवर मजेत फोटो काढत होत्या.

पुढे लावलेला यूव्ही किंवा 'प्रोटेक्शन' फिल्टर काढून टाका. एकात एक वर्तुळांचं मूळ तो आहे. अरोराचा हिरवा रंग ऑक्सिजनच्या अणूंतून येतो आणि त्याची तरंगलांबी जवळजवळ नेमकी एकच असते, ५५७.७ नॅनोमीटर. असा शुद्ध एकरंगी प्रकाश फिल्टरच्या सपाट, समांतर पृष्ठभागांमध्ये मागेपुढे परावर्तित झाला की लहरी एकमेकींवर पडतात आणि उजळ-काळी वर्तुळं तयार होतात. रस्त्यावरच्या दिव्यात पुष्कळ तरंगलांबी मिसळलेल्या असतात, म्हणून घरी हाच फिल्टर कधी त्रास देत नाही. ही वर्तुळं नंतर संगणकावर काढणं फार जिकिरीचं असतं. फिल्टर हॉटेलवरच काढा. बाहेर धातूची कडी थंडीने आवळून बसते आणि बधिर बोटांनी ती सुटत नाही.

ट्रायपॉड आणि स्टॅबिलायझेशन

लेन्सवरचं किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बंद करा. ते हाताची थरथर शोधून उलट दिशेने भरून काढतं. ट्रायपॉडवर थरथर नसतेच, तरी काही कॅमेरे ती शोधत राहतात आणि पाच-दहा सेकंदांच्या फोटोत स्वतःच हालचाल घालतात. नवे कॅमेरे हे ओळखतात म्हणे, पण बंद करायला काही पडत नाही.

शटरचं बटण बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. जाड हातमोज्यातलं बोट कॅमेऱ्याला किती ढकलतं ते त्या बोटाला कळत नाही. ट्रायपॉडची मधली दांडी खाली ठेवा, गळ्याचा पट्टा काढा किंवा गुंडाळा, वाऱ्यात तो शिडासारखा फडफडतो.

बर्फाची गंमत आपल्याकडच्या माणसाला ठाऊक नसते. पाय वरवर टेकवले तर ट्रायपॉड उभा राहतो, पण खालचा भुसभुशीत बर्फ हळूहळू दबत जातो आणि दहा सेकंदांत कॅमेरा केसभर खचतो. प्रत्येक पाय जोर देऊन आत दाबा, टणक लागेपर्यंत. लाकडी धक्क्यावर उभे असाल तर शेजारच्याने पाय आपटून ऊब आणली तरी तुमचा फोटो हलतो. आमचे लोक गरबा खेळल्यासारखे पाय आपटतात, म्हणून मी सगळ्यांना धक्क्यावरून खाली, जमिनीवर आणतो.

शटर किती वेळ

अरोरा संथ, धुरासारखा असेल तर आठ-दहा सेकंद चालतात. पडदा हलायला लागला, त्याच्या खालच्या कडेला गुलाबी झालर धावू लागली की दोन ते चार सेकंदांवर या, फारच उजळ असेल तर एकावर. आयएसओ १६०० ते ३२०० आणि एफ २.८ इथून सुरुवात करा. वेळ निम्मा केला की आयएसओ दुप्पट. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील, चुण्या गेल्या तर परत आणता येत नाहीत. वाइड लेन्सवर दहा सेकंदांच्या आत राहिलात तर ताऱ्यांच्या रेघांचीही काळजी नको.

फोनवाल्यांनी नाइट मोड हातात धरून वापरू नये. फोन छोट्या ट्रायपॉडला लावला की पुष्कळसे फोन ते ओळखून जास्त वेळ देतात. हातात असताना ते दोन-तीन सेकंदांचे तुकडे जोडून फोटो शिवतात आणि शिवणीत तारे पुसले जातात.

फोकस: मुक्काम इथेच

वरचं सगळं पाच मिनिटांत होतं. बुंदी तरीही कायम असेल तर आता घाई सोडा.

हिरवा प्रकाश जमिनीपासून साधारण शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर पेटतो. लेन्सच्या दृष्टीने तो आणि तारे एकाच अंतरावर, म्हणजे इन्फिनिटीला (अनंत अंतरावर). ताऱ्यावर फोकस मिळाला की अरोराचा मिळालाच. अरोरावर थेट फोकस लावायला जाऊ नका. त्याला कड नसते आणि ऑटोफोकसला पकडायला कडच लागते. ती नसली की मोटर मागेपुढे घिरट्या घालते आणि दमून भलत्याच जागी थांबते.

"लेन्सवर इन्फिनिटीची खूण आहे ना, तिथे लावलं" हे उत्तर मी दर गटात ऐकतो. त्या खुणेवर विसंबू नका. पुष्कळशा लेन्स त्या खुणेच्याही पुढे फिरतात, आणि थंडीने धातू-काच आकसल्यावर खरी जागा आणखी हलते. रिंग शेवटपर्यंत फिरवून ठेवणं हा बुंदीचा खात्रीशीर मार्ग आहे.

पद्धत अशी. कॅमेरा बाहेर ठेवून आधी वीस-तीस मिनिटं गार होऊ द्या. हॉटेलच्या बावीस अंशांत लावलेला फोकस उणे वीसमध्ये तसाच राहील अशी आशा करू नका. मग लेन्स मॅन्युअल फोकसवर घ्या. स्क्रीनवर सगळ्यात तेजस्वी तारा आणा, गुरू ग्रह दिसत असेल तर उत्तमच. मोठं करण्याचं बटण दाबून दृश्य दहापट करा. आता रिंग अगदी हळू फिरवा. तारा आकसत जाईल, सगळ्यात बारीक होईल आणि पुन्हा फुगायला लागेल. तो फुगलेला दिसल्याशिवाय बारीक कुठे होता हे कळत नाही, म्हणून एकदा पुढे जाऊन मागे या. काही लेन्सवर एका बाजूला ताऱ्याची कड जांभळट आणि दुसऱ्या बाजूला हिरवट दिसते. त्या दोहोंच्या मधली जागा आपली. मग एक फोटो काढा आणि तोही मोठा करून बघा.

तारेच दिसत नसतील, ढग असतील, तर खाडीपलीकडच्या घराचा दिवा धरा. तीनशे-चारशे मीटरवरचा दिवाही वाइड लेन्सला पुरेसा लांब असतो. चंद्र असेल तर प्रश्नच मिटला.

फोनच्या प्रो मोडमध्ये फोकसची पट्टी डोंगराच्या चिन्हाकडे न्या. टोकाला पुसट आलं तर केसभर मागे.

हे सगळं बहुतेकांना एकदा दाखवलं की जमतं. पण तासाभराने मी परत फेरी मारतो तेव्हा निम्म्यांची बुंदी परतलेली असते. कारणं ठरलेली आहेत. पहिलं, झूम बदलला. पुष्कळ झूम लेन्समध्ये १६ वरून २४ मिलिमीटरवर गेलं की फोकस सरकतो. झूमला हात लागला की फोकस पुन्हा. दुसरं, हातमोजा रिंगला घासला. यावर कापडी टेपचा तुकडा लावा, पण आधी नखाने रिंग हलत नाही ना बघा. वायरमनची काळी प्लॅस्टिकची टेप थंडीत कडक होऊन सुटते. तिसरं कारण नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांचं, आणि हेच सगळ्यात फसवं. त्यांच्या पुष्कळ लेन्समध्ये रिंग काचांना थेट जोडलेली नसते. ती मोटरला फक्त हुकूम देते. कॅमेरा बंद झाला किंवा बॅटरी वाचवायला झोपी गेला की काचा मूळ जागी जातात आणि पुन्हा सुरू केल्यावर तुमचा फोकस गायब. टेपही तशीच, रिंगही तशीच, तारे मात्र बुंदी! मेनूमध्ये फोकसची जागा लक्षात ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करा, नसेल तर दर वेळी बॅटरी बदलल्यावर पुन्हा ताऱ्याकडे.

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, त्यामुळे हे "दर वेळी" रात्रीतून दोन-तीनदा येतं. जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. मेलेली वाटणारी बॅटरी ऊब मिळाल्यावर थोडी जागी होते.

दंव आणि बर्फ

नाशिकला थंडीतल्या पहाटे द्राक्षाच्या पानांवर दव येतं, तसंच इथे लेन्सवर येतं. निरभ्र आकाशाखाली काच आपली उष्णता वर फेकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. मग हवेतली वाफ तिच्यावरच बसते. फ्योर्डच्या काठी हवा दमट, तिथे लवकर. आत स्किबोटनकडे किंवा फिनलंडच्या हद्दीवरच्या किल्पिसयार्वीकडे हवा कोरडी, पण थंडी कडक.

उपाय: लेन्स हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाला लावायचं कडं, लावा. हात गरम करायच्या पुड्या मिळतात त्यातली एक लेन्सच्या तोंडाजवळ रबरबँडने बांधा. फोकसच्या रिंगवर नको, नाहीतर उबेने फोकस हलेल. दर दहा मिनिटांनी टॉर्च तिरपा धरून काच बघा. समोरून बघताना श्वास रोखा.

खरा घात मात्र गाडीत होतो. सूप प्यायला लोक कॅमेऱ्यासकट बसमध्ये शिरतात. आत वीस माणसांचा श्वास, ओले बूट, ऊब. बर्फासारख्या कॅमेऱ्यावर क्षणात पाणी सुटतं, आणि पाच मिनिटांनी बाहेर आल्यावर तेच पाणी गोठतं. कॅमेरा बाहेरच राहू द्या, किंवा बंद करून झिपच्या पिशवीत हवाबंद करूनच आत न्या. रात्री हॉटेलवर परततानाही तेच. मेमरी कार्ड आणि बॅटरी बाहेरच काढून घ्या, म्हणजे फोटो बघायच्या मोहाने पिशवी उघडली जाणार नाही. पिशवी दोनेक तास तशीच. पाणी पिशवीच्या बाहेर जमतं, कॅमेऱ्यावर नाही.

इथे थांबा

एवढं करूनही एक बाजू कायम पुसट येत असेल तर हॉटेलबाहेर दिवसाच्या उजेडात लांबच्या इमारतीचा फोटो काढा. ट्रॉम्सोत नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, पण दुपारच्या संधिप्रकाशात हे जमतं. मग कॅमेरा उलटा करून तोच फोटो. पुसटपणा लेन्सच्या त्याच बाजूबरोबर फिरला तर आतली काच सरकली आहे. प्रवासात लेन्स आपटली की असं होतं. हे काम स्क्रूड्रायव्हरचं नाही. परतल्यावर सर्व्हिस सेंटरला द्या, दोन्ही फोटो सोबत न्या. त्या सहलीत दुसरी लेन्स वापरा, नाहीतर फोन.

काचांच्या आत, पुसता न येणाऱ्या जागी वाफ दिसली तरी थांबा. कॅमेरा बंद करा, कोरड्या खोलीत एक दिवस ठेवा. हेअर ड्रायर नको, हीटरवर तर मुळीच नको. झपकन तापवलं की पाणी आणखी आत जातं आणि वंगण पातळ होऊन लेन्समधल्या पात्यांवर येतं. दिवसानंतरही वाफ असेल, किंवा रिंग फिरवताना वाळू अडकल्यासारखी करकरली, किंवा कॅमेरा एररचा संदेश देऊन शटर अडकवू लागला, तर जोर करू नका. एकाने समुद्राकाठच्या वाळूत पडलेल्या लेन्सची रिंग पकडीने फिरवली. दुरुस्तीचा खर्च ऐकून त्याने नवीच घेतली.

निरभ्र आकाश दुसऱ्या खोऱ्यात आहे म्हणून बर्फाळ रस्त्यावर स्वतः भाड्याची गाडी हाकायचा विचार असेल, तर तेही काम तिथल्या गाइडवर सोडा. मुंबई-पुणे महामार्गाचा अनुभव इथे उपयोगाचा नाही.

बोटांचंही सांगून ठेवतो. फोकससाठी हातमोजा काढावा लागतो आणि धातूचा ट्रायपॉड उघड्या हाताने धरला जातो. बोटाचं टोक पांढरं, मेणासारखं दिसायला लागलं, दुखायचंही थांबलं, तर अरोरा कितीही नाचू दे, आत जा. बोट काखेत धरून ऊब द्या, चोळू नका. ऊब देऊनही संवेदना परतली नाही तर नॉर्वेत तातडीच्या डॉक्टरसाठी ११६११७ फिरवा, जिवावर बेतलं असेल तर ११३. कॅमेरा तोवर ट्रायपॉडवरच राहू द्या, तो कुठे पळून जात नाही.